रिव्हॉल्व्हरावरचं कुंकू

आमच्या घरात रिव्हॉल्व्हर आलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते, आणि आमच्या यांनी ते थेट माझ्या पोळपाटाशेजारी आणून ठेवलं. मी किंचाळले. भिंतीपलीकडून शेजारीणबाईंनी "काय झालं वं?" म्हणून विचारलं, तर मी "काही नाही, पाल," म्हणून सांगितलं. प्रताप नगरात तेव्हा घरं थोडी आणि रिकामे प्लॉट जास्त. एका घरातली पाल चार घरांना ऐकू जायची.

अठ्ठ्याहत्तर सालच्या आसपासची ही गोष्ट. हे मँगनीजच्या खाणीवर नोकरीला होते. खाण रामटेकच्या पुढे, रस्ता सगळा जंगलातून, आणि त्या रस्त्यावर खाणीची जीप दोनदा अडवली गेली होती. वरच्या साहेबांनी यांना परवाना काढायला लावला. अर्ज दिल्यापासून परवाना हातात यायला वर्ष गेलं. विलायती माल देशात येणं केव्हाच बंद झालेलं, त्यामुळे मिळणार ते कोणाचं तरी वापरलेलंच. सदरमधल्या बंदुकांच्या एका जुन्या दुकानातून यांनी हे उचललं होतं. काळसर, आखूड नळीचं, लाकडी मुठीचं, सोबत चामड्याचं मऊ पडलेलं पाकीट.

"त्यानं दुसरं काही दाखवलंच नाही," हे सांगत होते. "बोलता बोलता सासुरवाडी निघाली. रामदासपेठेतले मास्तर म्हटल्यावर म्हातारा मले पाहतच राहिला. म्हणे, मग जावईबापू, तुमच्यासाठी हेच. आतून डबा घेऊन आला."

"आणि तुम्ही भुललात."

"दुकानदार सारे असेच बोलते वं. पण वस्तू चांगली आहे."

नागपुरात असंच असतं. माणूस कोणाचा कोण हे ठरल्याशिवाय तराजू हलत नाही. माझ्या वडिलांचं नाव निघालं की ते ठरायला वेळ लागायचा नाही, कारण अर्धं शहर त्यांच्या हाताखालून गेलेलं. पस्तीस वर्षं मास्तरकी केली. अक्षर असं, की लग्नपत्रिकेचा मजकूर लोक मुद्दाम त्यांच्याकडून लिहून न्यायचे. लोकांना त्यांचं नाव ऐकून आदर वाटायचा आणि मला राग यायचा.

तो राग कसला होता ते इथंच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजेल. मला एकच बहीण, सहा वर्षांनी मोठी. एकसष्ट-बासष्टच्या सुमारास तिचं लग्न वर्ध्यापलीकडच्या एका गावात झालं, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत, श्रावणात, ती सासरच्या विहिरीत सापडली. पाणी काढताना पाय घसरला, असं त्या लोकांनी सांगितलं. पण आषाढात ताईचं पत्र आलं होतं. बाबा, मला येऊन घेऊन जा, उशीर करू नका, एवढंच त्यात होतं. बाबांनी उत्तर लिहिलं, की पोळ्याच्या सुट्टीत येतो, तोवर धीर धर. ते उत्तर मी माझ्या हातानं पेटीत टाकलं होतं. ताई पोळ्याच्या आठ दिवस आधी गेली.

पंचनामा झाला तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि आईच्या पाठीमागे उभी होते. फौजदारानं कागद पुढे केला आणि बाबांनी 'पाय घसरून' या शब्दांखाली आपल्या मोत्यासारख्या अक्षरात सही केली. आवाज चढवला नाही. जावयाची गचांडी धरली नाही. परत आल्यावर त्यांनी केलं काय, तर मला शिकायला म्हणून अमरावतीला मामाकडे धाडून दिलं. दोन वर्षं मी तिथं होते, आणि त्या दोन वर्षांत माझं मन त्यांच्यावरून जे उडालं ते उडालंच. मी त्यांना 'बाबा' म्हणणंसुद्धा सोडलं. समोर जाऊन उभं राहायचं आणि नुसतं वाक्य सुरू करायचं. सोळा वर्षं मी हे निभावलं. हट्टीपणात मला कोणी हरवू शकत नाही. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात मी यांना सांगितलं होतं, की माझा बाप म्हणजे गोगलगाय आहे, त्याच्याकडून कशाची अपेक्षा करू नका.

असो. तर रिव्हॉल्व्हर.

मला एक खोड आहे. वस्तू जुनी असली की तिचा आधीचा मालक कोण हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. एकदा इतवारीत मोडीच्या दुकानात तांब्याची कळशी घेतली. तिच्यावर एका बाईचं नाव कोरलेलं होतं. त्या बाईला मी तीन गल्ल्या पालथ्या घालून शोधून काढलं, आणि तिनं मला दारातूनच हाकललं, कारण कळशी चोरीला गेली होती आणि तिला वाटलं चोर मीच. तरी खोड गेली नाही. मी टेलिफोनच्या ऑफिसात ऑपरेटर होते. दिवसभर या टोकाला कोण आणि त्या टोकाला कोण एवढंच करायचं, त्याचा तो परिणाम असावा.

रिव्हॉल्व्हरावर नाव नव्हतं. नंबर होता आणि इंग्रजी अक्षरं होती. मात्र दुसऱ्या दिवशी उजेडात पाहिलं तर मुठीचं लाकूड लोखंडाला जिथं मिळतं त्या सांध्यात एक बारीक लाल रेघ दिसली. मला वाटलं, रक्त आहे. पाण्याचं बोट लावलं तर बोट लालभडक झालं. वास घेतला. कुंकू होतं.

मी एकटीच मोठ्यानं हसले. कोणीतरी दसऱ्याला याची पूजा केली होती! आमच्याकडे दसऱ्याला काय पुजत नाहीत? सायकल, शिलाई मशीन, विळी. आमच्या घरी तर बाबांचा टाक आणि दौत पाटावर मांडून आई झेंडूचं फूल वाहायची. म्हणजे आधीचा मालक कोणी साहेब नव्हता, आपल्यातलाच होता, आणि त्याची बायको हात न आखडता पूजा करणारी होती. त्या अनोळखी बाईवर माझा जीवच जडला.

मग पाकिटात हात घातला तर आतल्या चोरकप्प्यात एक काडतूस मिळालं. हे घाबरले. परवान्यात काडतुसांची नोंद असते, हे एक कुठून आलं? "मिस्त्रीले दाखवू," म्हणाले. "तसंही साफ करायचंच आहे." मी सोबत गेले. मला घरी बसवणं त्यांना जमण्यातलं नव्हतं.

मिस्त्री मोमीनपुऱ्यात बसायचा. म्हातारा, दाढी मेंदीनं रंगवलेली, बंदुका दुरुस्त करण्यात हयात गेलेली. त्यानं रिव्हॉल्व्हर मधून दुमडून उघडलं आणि भिंग लावून आत निरखलं. मग मला म्हणाला, "बाई, हे पाहा. चाप ओढला की हा घोडा पडते. घोड्याच्या तोंडाले ही सुई. सुई या छेदातून पुढं येते अन् काडतुसाले ठोकते. बरोबर? आता छेद पाहा."

छेद दिसतच नव्हता. तिथं लाल, कडक असं काही गच्च बसलं होतं. मिस्त्रीनं दाभणानं ते कोरून कोरून काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. लाल खपल्या होत्या, आणि त्यात हळदीनं पिवळा झालेला तांदळाचा एक दाणा.

"अक्षता," मी म्हणाले.

"पूजा केली कोणी तरी. अच्छी बात आहे. पण हे असं असताना चाललं नसतं." मग त्यानं ते सुटं काडतूस उचललं, बूड उजेडाकडे केलं आणि त्याचा चेहरा बदलला. "चाललं नाहीच."

"म्हणजे?"

"ही खूण पाहा. बारीकशी. भरलेल्या पिस्तुलाचा चाप ओढला होता, बाई. सुई पुरी पोचली नाही म्हणून फुटलं नाही."

हे म्हणाले, "हवेत ओढून पाहिला असन कोणी."

"हवेत मारणारा वाया गेलेलं काडतूस फेकून देते, साहेब," मिस्त्री म्हणाला. "हे कोणी जपून ठेवलं आहे."

मी तो तांदळाचा दाणा हातात धरून तशीच उभी राहिले. इतका वेळ मी एका मालकाला शोधत होते. आता एकदम दोन माणसं झाली. एकाच्या हातात हे रिव्हॉल्व्हर होतं, आणि दुसरा समोर होता. तो दुसरा मेला नाही तो एका अक्षतेमुळे. दोन दिवस मला घास गोड लागला नाही. ऑफिसात चुकीचे फोन जोडले. चांदूरचा माणूस काटोलच्या बाईशी तीन मिनिटं भांडत बसला.

"तू काहून डोकं लावून राहिली त्यात?" हे म्हणाले. "आता साफ झालं ना?"

तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून परस्पर सदरला गेले.

दुकानदार जाड भिंगांचा चष्मा लावून गल्ल्यावर बसला होता. मी कोणाची बायको ते सांगितलं आणि विचारलं, की हे रिव्हॉल्व्हर आमच्या आधी कोणाचं होतं. तो हसायला लागला.

"मस्करी करून राहिल्या का बाई?"

"मी कशाला मस्करी करू? कोणाचं होतं ते सांगा. पोलिसांत द्यायसारखं काही असलं तर आम्हाला कळायला नको?" माझा आवाज चढला होता. गिऱ्हाइकं वळून पाहायला लागली.

म्हाताऱ्याचं हसू हळूहळू गेलं. तो उठला, मागच्या कपाटातून एक जुनी नोंदवही काढली, धूळ झटकली, पानं उलटत गेला आणि एका ठिकाणी थांबून वही माझ्याकडे फिरवली. "तुम्हीच वाचा," म्हणाला.

नाव वाचायची गरजच पडली नाही. मला आधी सही दिसली. आडवी रेघ फूटपट्टीनं ओढल्यासारखी, वेलांट्या एका उंचीच्या. त्याच हातानं मला अ आ इ ई गिरवायला लावलं होतं. तीच सही मी 'पाय घसरून' या शब्दांखाली पाहिली होती.

मी स्टुलावर बसले. त्यानं पाणी दिलं.

"मास्तरांनी माझ्याकडूनच नेलं होतं," तो हळू आवाजात म्हणाला. "अन् दोन महिन्यांत परत आणून ठेवलं. म्हणाले, आता नको. परवाना रद्द करून घेतला. कितीतरी गिऱ्हाइकं आली, माझी काही विकायची हिंमत झाली नाही. जावईबापू आले तं म्हटलं, घरची वस्तू घरी जाऊ दे. वाटलं, तुमाले माहीत असन."

वहीत दोन तारखा होत्या. नेल्याची भाद्रपदातली, परत आणल्याची कार्तिकातली. साल ताई गेली त्याच्या पुढचं. आमच्या यांचा परवाना यायला वर्ष लागलं होतं. तसंच एक वर्ष मी मागे मोजत गेले, आणि ताईच्या तेराव्यावर येऊन थांबले.

माझा बाप, ज्याला मी सोळा वर्षं गोगलगाय म्हणत आले, तो मुलीचं तेरावं उरकून कचेरीत गेला होता, आणि त्यानं अर्ज केला होता. खून करायचा म्हणून अर्ज! त्यावर तिकीट लावलं असेल. चालचलणुकीचे दाखले जोडले असतील. वहीतल्या कारणाच्या रकान्यातही त्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'संत्र्याच्या बागेची राखण, रानडुकरांचा उपद्रव.' आमच्या वाट्याच्या बागेत सोळा झाडं होती आणि रानडुक्कर आम्ही फक्त चित्रात पाहिलेलं. कचेरीतला साहेब त्यांचाच जुना विद्यार्थी असणार, त्यानं मास्तरांना कशाला खोदून विचारावं? आणि मग हा माणूस वर्षभर वाट पाहत राहिला. रोज शाळेत गेला, वह्या तपासल्या, काना-मात्रा दुरुस्त केल्या. परवाना नसताना शस्त्र बाळगणं गुन्हा आहे म्हणून. मला हसू येत होतं. गोगलगाय अन् पोटात पाय म्हणतात ना, मला ते पाय दिसायला सोळा वर्षं लागली.

तिथून मी रिक्षा करून रामदासपेठेत गेले. काडतूस माझ्या पर्समध्ये होतं. ते जवळ बाळगणं गुन्हा आहे हे मला ठाऊक होतं, पण घरात कोणीतरी एकानं तरी गुन्हा करायला हवा होता.

बाबा व्हरांड्यात बसून वर्तमानपत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुकांना लाल पेन्सिलीनं गोल करत होते. निवृत्त झाल्यापासून हाच उद्योग. आताशा त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून मी बोलले नाही. काडतूस वर्तमानपत्रावर ठेवलं.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मी ते दुकानात ठेवलं होतं," म्हणाले. "पाकिटात. घरात ठेवणं कायद्यात बसत नव्हतं."

"ठाऊक आहे."

"जावईबापूंनी आणलं का?"

मी होकारार्थी मान डोलावली. मग त्यांच्या कानाजवळ वाकून विचारलं, "कोणावर ओढलात?" विचारायची गरज नव्हती. तरी मला ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

त्यांनी सांगितलं. इतिहासाचा धडा सांगावा तसं, एकेक वाक्य पूर्ण करत. कार्तिकात शाळेला सुट्टी होती. सकाळच्या गाडीनं ते वर्ध्याला गेले, तिथून मोटारीनं गावात. कापडी पिशवीत धोतर, धोतरात रिव्हॉल्व्हर. दुपार होती. ओसरीवर बसवलं. घरात नवी सून आलेली होती, तिनं पाण्याचा तांब्या ठेवला. जावई शेतातून आला. सासऱ्याला पाहून आधी त्याचा चेहरा पडला, मग त्यानं पागोटं सारखं केलं आणि पुढे झाला.

"आणि तो नमस्काराला वाकला," बाबा म्हणाले. "माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी हात पिशवीतून काढला. इथून इथवर अंतर होतं." त्यांनी वीतभर अंतर दाखवलं. "चाप ओढला. टक्क एवढंच झालं."

समोरच्या रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला, ते मला खूप लांबून ऐकू आलं.

"त्याला कळलं?"

"नाही. तो उठेपर्यंत हात पिशवीत गेला होता. म्हणाला, मामाजी, पाणी घ्या." बाबांनी पेन्सिल वर्तमानपत्राच्या कडेला सरळ लावली. "आणि मी ते पाणी प्यालो. तुझ्या ताईच्या विहिरीचं."

"पुन्हा का नाही ओढलात? एकदा नाही उडालं तर पुन्हा ओढायचं!" मी ओरडलेच. हे विचारणारी मी कोण, कसली, याचा मला त्या क्षणी विसर पडला होता. मला तो माणूस त्या ओसरीवर मेलेला हवा होता.

"बोट वळलं नाही गं. पहिल्यांदा वळलं तेच कसं वळलं कळत नाही." मग ते जरा शांतपणे म्हणाले, "दसऱ्याला तुझ्या आईनं त्याची पूजा केली होती. अक्षता अडकल्या. परतीच्या गाडीत मी पाहिलं, कुंकू होतं आत. तेव्हा समजलो, की देवीनं हात धरला. तिची इच्छा नव्हती. मग मी कोण?"

"आणि तो?"

"आहे. शेती करतो. मुलंबाळं आहेत म्हणतात."

त्यांनी काडतूस उचलून रुमालात गुंडाळलं आणि मला परत दिलं. उद्या दुकानात जमा करून पावती घे, म्हणाले. मी आत निघून गेले, कारण तिथं थांबले असते तर काय बोलले असते सांगता येत नाही. पायांखालची जमीन हलणं म्हणतात ते मला तोवर बोलण्यापुरतंच माहीत होतं. ज्याच्यावर सोळा वर्षं रागावले तो माणूस तिथं नव्हताच. आणि जो होता त्याच्यावर रागवावं की त्याच्या पाया पडावं, हेच कळत नव्हतं.

आई स्वयंपाकघरात वाती वळत बसली होती. व्हरांड्यातलं सगळं तिला ऐकू गेलं होतं. माझा आवाज काही लहान नाही.

"तुझ्या अक्षतांनी वाचवला त्या हलकटाला," मी म्हणाले. "रिव्हॉल्व्हरावर कोणी अक्षता टाकतं का? वरून एक बोट कुंकू लावायचं, झालं. तुझं सगळं असंच, हात सैल सोडून. काय ती दसऱ्याची पूजा!"

आईनं वळलेली वात ताटात ठेवली. "दसऱ्याचं कुंकू त्याहिनं दुसऱ्याच दिवशी पुसलं होतं," ती मानेनं व्हरांड्याकडे खूण करत म्हणाली. "तेलाच्या फडक्यानं. आरशासारखं करून ठेवलं होतं."

मला कळलं नाही. "मग आत कुठून आलं?"

"मास्तरची पोरगी ना तू? एवढंही समजू नये?" तिनं दुसरी वात वळायला घेतली. "ज्या दिवशी ते आणलं, त्या दिवशी मले समोर बसवून शिकवलं त्याहिनं. शिकवल्याशिवाय राहवते का? हा घोडा, ही सुई, ही या भोकातून येते, मग गोळी सुटते. दोनदा विचारलं, समजलं का म्हणून. मी म्हटलं, समजलं."

मी तिच्यासमोर खाली बसले.

"निघायच्या दिवशी सकाळी ते आंघोळीले गेले. वह्यांची कव्हरं चिकटवायची खळ होती घरात. त्यात कुंकू कालवलं, दोन अक्षता घातल्या, अन् काडीनं त्या भोकात भरलं. वाळायले वर्ध्यापर्यंतचा रस्ता होताच."

"तुला ठाऊक होतं? ते कुठं चालले ते?"

"त्याहिनं नाही सांगितलं. पण सुट्टीत कोणी धोतरात पिस्तूल गुंडाळून नातेवाइकाकडे जाते का वं?"

"आणि कुंकू कशाला?" मी विचारलं.

"नुसती खळ दिसली असती तं त्याहिनं खरवडून काढली असती. कुंकू दिसलं की माणूस हात जोडते."

ही माझी आई, जिला दूधवाल्याशी भांडता येत नव्हतं. माझी बहीण तिचीही मुलगी होती. "तू त्याला वाचवलंस," मी पुन्हा म्हणाले.

"त्याले?" आईनं पहिल्यांदाच वर पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते आणि असे, की मी ते विसरणार नाही. "त्याच्या नावानं मी आजवर बोटं मोडून राहिली. तो जगला काय अन् मेला काय. एक पोरगी विहिरीत गेली, दुसरी अमरावतीले. वरून त्याहिले फासावर देऊ? मामाकडून तुले मग कोणाच्या घरी आणली असती?"

मला रडू आलं ते कोणासाठी, हे तेव्हा सांगता आलं नसतं आणि आजही येत नाही. आईनं मला जवळ घेतलं नाही, तशी तिची रीत नव्हती. ती उठली, चहाचं आधण ठेवलं, आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "त्याहिले सांगू नको. देवीनं हात धरला म्हणते, तं म्हणू दे."

चहा झाल्यावर तिनं कप माझ्या हातात दिला. तो घेऊन मी व्हरांड्यात गेले. बाबांनी पुन्हा लाल पेन्सिल हातात घेतली होती. मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"बाबा, चहा," मी म्हणाले.

त्यांना ऐकू गेलं नाही. मला पुन्हा, मोठ्यानं म्हणावं लागलं.